कानात रातकिडा असताना गाणं कसं ऐकायचं

माझ्या डाव्या कानात गेली सहा वर्षं एक रातकिडा ओरडतोय, दिवसरात्र, रविवारची सुट्टी नाही. कारण शोधायला लांब जायला नको. कॉलेजात असल्यापासून सात वर्षं ढोल-ताशा पथकात ताशा वाजवला आणि तेव्हा कानात कापूस घालून येणाऱ्या पोराला आम्ही सगळे मिळून हसायचो (कापसाने तसाही फारसा फरक पडत नाही, पण हसायला नको होतं). याला टिनिटस म्हणतात, आयुर्वेदात कर्णनाद. पहिलं वर्षभर मी गाणं ऐकणंच सोडून दिलेलं, कारण विलंबित (गाण्याचा संथ भाग) सुरू झालं की गायकाच्या आधी हाच सूर लावून बसायचा. आता रोज तास दीड तास ऐकतो, आणि नीट ऐकतो, मागे लावून भांडी घासत नाही. ते कसं जमलं ते सांगतो.

आधी ईएनटीकडे जाऊन ऑडिओग्राम (कोणता सूर किती ऐकू येतो त्याचा आलेख) काढा, हे टाळू नका. कधीकधी नुसता मळ निघतो आणि विषय संपतो. पण आवाज एकाच कानात असेल, किंवा नाडीच्या ठोक्याबरोबर धकधक असा येत असेल, किंवा चक्कर येत असेल तर तपासणी लांबवू नका. आणि एका कानाने अचानक ऐकू येईनासं झालं तर त्याच दिवशी पळा, त्याचे उपचार पहिल्या काही दिवसांतच जास्त लागू पडतात. मला एका डॉक्टरांनी दोन मिनिटांत "सवय करून घ्या" म्हणून वाटेला लावलं, तेव्हा भयंकर राग आला होता. सल्ला चूक नव्हता, पण सवय करायची म्हणजे नेमकं काय करायचं ते कोण सांगणार?

माझ्या ऑडिओग्राममध्ये ४००० हर्ट्झच्या आसपास खड्डा आहे, मोठ्या आवाजाने गेलेल्या कानाची ही ठरलेली खूण. आतल्या कानातल्या बारीक केसांच्या पेशी तिथे गेल्यात आणि त्या पुन्हा येत नाहीत. मग मेंदू काय करतो, तर जुन्या रेडिओवर स्टेशन नीट लागत नसलं की आपण आवाज वाढवतो आणि खरखरच मोठी ऐकू येते ना, तसंच काहीसं. म्हणजे शांतता जितकी जास्त तितका रातकिडा मोठा. मी नेमकं उलटं करत होतो, रात्री सगळं बंद, दार लावून, फॅनसुद्धा बंद करून हेडफोन लावायचो आणि मग त्या शिट्टीला बुडवायला आवाज वाढवत न्यायचो. हे करूच नका. ती बुडत नाही, कानच अजून जातो.

यातून मला बाहेर काढलं तानपुऱ्याने. गाणं लावायच्या आधी दहा मिनिटं तानपुऱ्याचं ॲप लावतो, पेटीच्या पट्टीने पांढरी दोन किंवा तीन, स्पीकरवर, अगदी बारीक. जवारी (तारेची ती गुणगुणती झणकार) नीट लागलेली असेल तर तारेतून वरवरचे स्वर पाझरत राहतात आणि सलग राहतात, कुठे भोक पडत नाही. आवाज हळूहळू वाढवत न्यायचा, एक जागा अशी येते की शिट्टी आणि तानपुरा एकमेकांत मिसळायला लागतात, कुठलं काय ते पटकन कळत नाही. तिथून थोडं मागे यायचं. शिट्टी ऐकू आली पाहिजे पण खोलीतल्या इतर आवाजांसारखी. साऊंड थेरपीवालेही (आवाजानेच टिनिटसवर उपचार करणारे) बरेचदा हेच सांगतात, की पूर्ण झाकून टाकू नका कारण झाकलेल्या गोष्टीची मेंदूला सवय कशी होणार.

मग गाणं. इथे एक चूक सगळेच करतात. आलाप बारीक असतो म्हणून आवाज तिथे सेट करतात आणि चाळीस मिनिटांनी सतारीचा झाला किंवा गाण्यातली द्रुत (शेवटचा वेगवान भाग) आली की कानावर हातोडा. मी रेकॉर्डिंगची शेवटची पाच मिनिटं आधी लावतो, तिथे आवाज ठरवतो, मग सुरुवातीला येतो आणि नॉबला हात लावत नाही. आलाप पहिल्यांदा फारच लांबून आल्यासारखा वाटेल, दहा मिनिटं थांबा, कान स्वतःहून पुढे सरकतो.

आवाज किती, तर जागतिक आरोग्य संघटनेचा हिशोब आहे मोठ्या माणसांना आठवड्याला ४० तास ८० डेसिबल, आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मा, म्हणजे ८३ ला २० तास, ८६ ला १०. हा धडधाकट कानांचा हिशोब झाला, आपला कान आधीच पोळलेला आहे त्यामुळे मी बसतो तिथे फोनवरच्या आवाज मोजायच्या मीटरवर ६५ च्या आसपास ठेवतो. फोनचा मीटर काही प्रयोगशाळेतला नाही, पण अंदाज येतो.

आता कमी आवाजाची अडचण अशी की खर्ज आणि अगदी वरचे सूर गळतात, गाणं पातळ लागतं. हा मशीनचा दोष नाही, माणसाचा कानच तसा आहे, फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्येच हे मोजून दाखवलंय. जुन्या ॲम्प्लिफायरवर लाऊडनेस नावाचं बटण असायचं ते याचसाठी, आवाज कमी असताना ते दाबायचं की डग्गा (तबल्याचा खर्जाचा भाग) परत येतो. नसेल तर ईक्यूमध्ये (इक्वलायझर, खालचे-वरचे सूर वेगवेगळे कमीजास्त करायची सोय) खालची बाजू तीन चार डेसिबल उचला. वरच्या बाजूला मात्र सांभाळून. माझी शिट्टी साधारण ६००० हर्ट्झची आहे (टोन जनरेटरचं फुकट ॲप घेऊन बारीक आवाजात जुळवून बघा, पाच मिनिटांचं काम), तो पट्टा मी वाढवत नाही, उलट झांज आणि चिपळ्यांच्या रेकॉर्डिंगला दोन डेसिबल खाली घेतो.

स्पीकर की हेडफोन? स्पीकर, शक्य असेल तर कायम स्पीकर, फॅन दोनवर, खिडकी थोडी उघडी. घरचे झोपले असतील तर ओपन बॅक हेडफोन, सेनहायझरचा एचडी ६०० किंवा त्या जातीचा कुठलाही, बाहेरचं थोडं आत येऊ देणारा. कानात घट्ट बसणारे इअरफोन म्हणजे रातकिड्याला बंद खोली करून देणं. नॉइज कॅन्सलिंग मी फक्त लोकलमध्ये आणि विमानात वापरतो, कारण तिथे बाहेरच्या घरघरीवर मात करायला आपण नकळत आवाज चढवतो, ते वाचतं.

हाय-रेझच्या (सीडीपेक्षा जास्त बारकाईने नोंदलेल्या फायलींच्या) नादाला लागू नका असं माझं स्पष्ट मत. सीडीचे ४४.१ किलोहर्ट्झ म्हणजेच २२ किलोहर्ट्झपर्यंतचा आवाज झाला, आणि पन्नाशीच्या माणसाला बारा-चौदाच्या वर ऐकू आलं तरी खूप. पण फार दाबून लहान केलेली १२८ केबीपीएसची एमपीथ्री पण नको, त्यात जवारी पाण्यातून आल्यासारखी चुळचुळते आणि ती चुळचुळ नेमकी शिट्टीच्या शेजारी जाऊन बसते. उलट ७८ आरपीएमच्या तबकड्यांवरून घेतलेलं जुनं गाणं खरखरीसकट लावा, ती खरखर आपल्याला फुकटची औषधी आहे. साफसूफ करून आणलेल्या आवृत्तीपेक्षा मला तीच बरी वाटते, लोक हसतात.

आयफोन असेल तर ॲक्सेसिबिलिटीमध्ये बॅकग्राउंड साऊंड्स आहे, गाण्याच्या खाली पावसाचा आवाज हलका चालू ठेवता येतो.

बाहेरच्या मैफलीला फोमचे बोळे नकोत, सगळं घोंगडीखालून आल्यासारखं होतं. वादकांसाठीचे फिल्टरवाले इअरप्लग मिळतात, ते सगळे सूर साधारण सारखेच खाली आणतात आणि गाणं गाणंच राहतं. विसर्जनाला पुण्यातल्या लक्ष्मी रोडवर तर खिशात असलेच पाहिजेत, तिथे मीटर १०० च्या आसपास जातो. माझ्या मुलीने यंदा पथकात नाव घातलंय, पहिल्या तालमीच्या आधी तिला जोडी आणून दिली. आधी तोंड वाकडं केलं, आता घालते.

आणि गाणं संपलं की खटकन सगळं बंद करू नका. कधीकधी मिनिटभर शिट्टी गप्पच असते, फार छान वाटतं, आणि मग ती परत येते तेव्हा दुप्पट वाटते. मी तानपुरा पुन्हा लावतो आणि पंधरा मिनिटांचा टायमर टाकून आडवा होतो, बऱ्याचदा तो बंद झालेला मला कळतही नाही.