अठराव्या वाढदिवसाआधीच अर्ज : नाशिकच्या नवमतदारांसाठी नोंदणीची पद्धत

मतदार यादीत नाव नोंदवण्यासाठी निवडणूक जाहीर होण्याची वाट पाहू नये. पूर्वी १ जानेवारी हा एकच अर्हता दिनांक (ज्या दिवशी अठरा वर्षे पूर्ण असावी लागतात तो दिवस) होता, त्यामुळे फेब्रुवारीत अठरा वर्षे पूर्ण करणाऱ्याला पुढच्या जानेवारीपर्यंत थांबावे लागे. १ ऑगस्ट २०२२ पासून १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर असे चार अर्हता दिनांक लागू झाले असून, सतरा वर्षे पूर्ण झालेल्यांना आगाऊ अर्जही करता येतो. बारावीच्या वर्षातच हे काम उरकावे, असे मी पालकांना आग्रहाने सांगेन.

अर्ज भरण्यापूर्वी ठरवायची गोष्ट म्हणजे पत्ता, आणि नाशिकमध्ये हाच प्रश्न सर्वांत नाजूक आहे. सुरगाणा, पेठ, कळवण या तालुक्यांतून शिक्षणासाठी आलेली अनेक मुले शहरातील वसतिगृहांत राहतात. त्यांना गावच्या घराच्या पत्त्यावर किंवा वसतिगृहाच्या पत्त्यावर नोंदणी करता येते. वसतिगृहाचा पत्ता द्यायचा असल्यास महाविद्यालयाचे बोनाफाईड प्रमाणपत्र जोडावे. मात्र दोन्ही ठिकाणी नाव ठेवणे कायद्याला मान्य नाही, आणि अर्जातील प्रतिज्ञापन जाणूनबुजून खोटे केल्यास एक वर्षापर्यंत कारावास, दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. मतदानाच्या दिवशी आपण प्रत्यक्ष कोठे असू, याचा विचार करून निवड करावी. परीक्षेच्या दिवसांत सुरगाण्याला जाऊन येणे प्रत्येकाला जमेलच असे नाही. जिल्ह्यात विधानसभेचे पंधरा मतदारसंघ आहेत. शहरातही नाशिक पूर्व, मध्य आणि पश्चिम असे विभाग असल्याने पत्ता अचूक लिहिणे आवश्यक आहे.

नव्या मतदाराने नमुना ६ भरावा. तो निवडणूक आयोगाच्या मतदार सेवा पोर्टलवर किंवा आयोगाच्या मोबाइल ॲपवर भरता येतो, तसेच छापील स्वरूपात आपल्या भागातील बीएलओकडे (मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याकडे) किंवा मतदार नोंदणी अधिकाऱ्याच्या कार्यालयात देता येतो. अलीकडचे रंगीत छायाचित्र, जन्मतारखेचा पुरावा (जन्मदाखला, जन्मतारीख असलेले दहावी-बारावीचे प्रमाणपत्र, पासपोर्ट इत्यादी) आणि पत्त्याचा पुरावा जोडावा. वीजबिल आईवडिलांच्या नावावर असले तरी चालते. कुटुंबातील एखाद्याचे नाव यादीत आधीपासून असेल, तर त्याचा मतदार ओळखपत्र क्रमांक अर्जात द्यावा.

ऑनलाइन अर्जात इंग्रजीत नाव टाकताच मराठी नाव आपोआप उमटते. ते तसेच सोडून देऊ नये. गवळीचे ‘गवली’ झाले, तर तेच ओळखपत्रावर येते आणि पुढे नमुना ८ भरून दुरुस्ती करत बसावे लागते.

अर्ज दाखल झाल्यावर मिळणारा संदर्भ क्रमांक जपून ठेवावा, कारण अर्जाची स्थिती त्यावरूनच कळते. बीएलओ पडताळणीसाठी घरी येतात, म्हणून चालू असलेला मोबाइल क्रमांक द्यावा. हरकतींसाठी किमान सात दिवसांची मुदत ठेवून नंतर निर्णय होतो. अर्ज नाकारला गेल्यास पंधरा दिवसांच्या आत जिल्हाधिकाऱ्यांकडे अपील करता येते. सबळ कागद हाताशी असतील तर तो मार्ग जरूर अवलंबावा.

केवळ ओळखपत्र हाती आले म्हणून मतदानाचा हक्क मिळत नाही. यादीत नाव असणे अनिवार्य आहे. उमेदवारी अर्जांची अंतिम मुदत उलटल्यावर त्या निवडणुकीसाठी यादीत नवे नाव घेता येत नाही. महानगरपालिका आणि जिल्हा परिषदेच्या निवडणुकांसाठीही विधानसभेचीच मतदार यादी आधार म्हणून घेतली जाते, आणि तीही राज्य निवडणूक आयोगाने ठरवलेल्या दिवशी जशी असेल तशी. त्यामुळे आपल्या प्रभागातील पाण्याचा वा रस्त्याचा प्रश्न मांडणाऱ्या उमेदवाराला मत द्यायचे असेल, तर नाव त्या दिवसापूर्वीच यादीत आलेले असले पाहिजे. पोर्टलवर नाव शोधून यादीतील भाग क्रमांक, अनुक्रमांक आणि मतदान केंद्र टिपून ठेवावे. शंका असल्यास १९५० या क्रमांकावर विचारणा करावी.