चहा-सोड्याच्या जुन्या पाट्या जमवताना

माझी पहिली पाटी खोटी निघाली. पुण्याचा जुना बाजार, रविवारची सकाळ. पिवळ्या जमिनीवर लाल अक्षरांची चहाची पाटी, कडेला झकास गंज. "साहेब, ब्रिटिशांच्या काळातली आहे," विक्रेता म्हणाला. घासाघीस करून साडेतीन हजारांना घेतली आणि फुशारकीने घरी आणली. बाबा पोस्टातून निवृत्त झालेले. त्यांनी चष्मा लावून सगळ्यात खालची बारीक ओळ वाचली आणि विचारलं, "ब्रिटिश, मग पत्त्यात पिनकोड कुठून आला? पिन सुरू झाला १५ ऑगस्ट १९७२ ला."

तेव्हापासून मी पाटी खालून वर वाचतो. नव्याने या नादाला लागणाऱ्यांनाही तेच सांगतो. मुंबईच्या पत्त्यापुढे नुसता एक-दोन आकडी विभाग क्रमांक असेल तर पाटी बहुधा पिनच्या आधीची. किंमत आण्यांत असेल तर साधारण १९५७ च्या आधीची. 'नये पैसे' दिसले तर फारच सोपं, कारण ते नाव १९५७ ते १९६४ एवढंच चाललं. कंपन्यांचे इतिहासही पाठ असू द्यावेत. कोका-कोला १९७७ मध्ये भारतातून गेली ती १९९३ मध्ये परतली. मधल्या काळातली तिची देशी पाटी कुणी दाखवली तर हसून पुढे सरकायचं. मुंबईचं ड्यूक्स, ही सोड्याची कंपनी, १८८९ पासूनचं, १९९४ मध्ये पेप्सीकडे गेलं.

वाचून झालं की बोटं. अशा जुन्या पाट्या बहुतेक इनॅमलच्या असतात, आणि इनॅमल म्हणजे रंग नाही, काच आहे. काचेची पूड लोखंडी पत्र्यावर साधारण ८०० अंशांना भाजून चिकटवतात आणि बहुतेक पाट्यांत प्रत्येक रंग वेगळा भाजलेला असतो. म्हणून अक्षराच्या कडेवरून नख फिरवलं की बारीकशी पायरी लागते. टवका उडाला असेल तर त्याची कड फुटलेल्या कपासारखी धारदार लागते, आणि आत काळपट किंवा गडद निळा थर दिसतो. माझ्या त्या पहिल्या पाटीवर टवके नव्हते, रंगाचे पोपडे होते. गंजही सगळीकडे सारखा, जणू कुणी ब्रशने लावलाय. खऱ्या पाटीचा गंज बहुतेक स्क्रूच्या भोकापासून सुरू होतो, कारण स्क्रू आवळताना काच तिथेच तडकते.

हल्ली भट्टीत भाजलेल्या नव्या नकलाही येतात. तिथे नख फसतं. मग पाटी उलटी करा. वर्षानुवर्षं भिंतीवर राहिलेल्या पाटीच्या पाठीला चुना, कोळिष्टकं, ओलीचे डाग असं काहीतरी असतंच. विकणारा पाठ दाखवायला कुरकुरला तर मी उठतो.

पाट्यांबरोबर जाहिराती छापलेले पेल्यांचे ट्रेही जमवले जातात, पण त्यांची गोष्ट वेगळी. ते पत्र्यावर लिथोने, म्हणजे छपाईच्या शाईने, छापलेले असतात, त्यामुळे नखाचा उपयोग नाही. अमेरिकेत कोका-कोलाचे ट्रे १८९७ पासूनचे. १९७० च्या दशकात जुन्या चित्रांचे नवे ट्रे इतके निघाले की आता तेही छान म्हातारे दिसतात. वापरलेल्या ट्रेच्या मध्यभागी पेल्यांच्या बुडांचे गोल ओरखडे असतात, आणि हाताने धरायच्या जागी काठाचा रंग उडालेला असतो. मध्य चकचकीत आणि काठ तेवढा गंजका, असा ट्रे मी घेत नाही.

आणि कृपा करून घासू नका. एका ट्रेवरच्या बाईचं नाक मी तारेच्या घासणीने स्वतःच्या हाताने पुसलंय. ओलसर मऊ फडकं, फार तर थेंबभर साबण, लगेच कोरडं करणं, बस्स.

मुंबईत चोर बाजाराची मटण स्ट्रीट बघायलाच हवी. शुक्रवारी दुकानं बंद असतात, पण रस्त्यावरचा बाजार पहाटेपासून भरतो. तरी माझ्या चांगल्या पाट्या बंद पडणाऱ्या इराणी हॉटेलांतून आणि किराणा दुकानांतून मिळाल्या. तिथे आधी चहा प्यायचा, पाटीचं नाव काढायचं ते तिसऱ्या खेपेला.

अमेरिकेतल्या मावसभावाला माझ्याकडची एक चहाची पाटी न्यायची होती. पण १९७२ च्याच पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षं झालेली वस्तू पुरावस्तू ठरू शकते, आणि तशी ठरली तर ती खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. या पाटीचं वय आम्हाला छातीठोक सांगता येईना. शेवटी तो माझी ती पिनकोडवाली घेऊन गेला. तिच्या वयाबद्दल निदान वाद नव्हता.