खाणीच्या नियोजित जागेवर वनस्पती सर्वेक्षण करताय? या चुका टाळा

दगडाची खाण शक्यतो दगड वर आलेल्या, माती कमी असलेल्या जागी काढतात, कारण तिथे वरचा थर उपसण्याचा खर्च कमी येतो. सर्वेक्षणातली सर्वांत मोठी चूकही तिथेच होते. उघड्या कातळावर झाडं दिसत नाहीत, म्हणून नकाशात त्यावर 'पडीक' असं लिहिलं जातं आणि सगळा वेळ शेजारच्या झाडीत खर्ची पडतो. प्रत्यक्षात सुरुंग लागणार असतो तो त्या कातळाला.

कातळ रिकामा नसतो. भेगांमध्ये एक वनस्पती समूह असतो, पाणी साचणाऱ्या उथळ खळग्यांत दुसरा, मातीच्या पातळ थरावर तिसरा, आणि दगडाच्या पृष्ठभागावर दगडफूल व हरितांचा (मॉसचा) आणखी वेगळा. कासच्या पठारावरचा जांभा किंवा ब्राझीलच्या मिनास जेराइस भागातली लोहयुक्त 'कांगा' कवचं पाहा. इतरत्र न सापडणाऱ्या वनस्पती अशाच उथळ मातीवर टिकून आहेत. कासच्या जांभ्यावरची माती इतकी निकस असते की सीतेची आसवं आणि दवबिंदू या वनस्पती कीटक किंवा बारीक जीव पकडून नत्राची गरज भागवतात. त्यांना चार इंच जास्त माती मिळाली, तर उंच गवत येऊन त्यांना झाकून टाकेल. त्यामुळे 'बाजूला कुठेतरी लावू' हा उपाय अशा समूहांना क्वचितच लागू पडतो, आणि म्हणूनच ते आधी नीट नोंदले जायला हवेत.

एकाच फेरीवर निष्कर्ष काढणं

कातळावरच्या कित्येक वनस्पती वर्षाचा बराच काळ कंदाच्या किंवा बियांच्या रूपात जमिनीत असतात. काही नेचे सुकून गुंडाळी होऊन पडतात आणि पाणी मिळताच काही तासांत हिरवे होतात. कोरड्या दिवसांतल्या एका फेरीत यातलं फारसं काही हाती लागत नाही. पाऊस सुरू झाल्यावर, भर ओलीत आणि ओल सरताना अशा किमान तीन वेळा जायला हवं.

कोरड्या दिवसांतच जावं लागलं असेल तर काम वाया गेलं असं समजू नका. साचलेल्या पाण्याची दगडावरची वलयं, वाळके दांडे, फुटलेली बोंडं, भेगांतली माती यांची स्थाननिश्चिती करून ठेवा आणि ओलीत नेमक्या तिथेच परत जा. अहवालात मात्र 'आढळली नाही' आणि 'नाही' यांत गल्लत होऊ देऊ नका. पहिलं निरीक्षण आहे, दुसरा दावा आहे. त्या दाव्याच्या जोरावर परवानगी मिळू शकते.

चौकट चुकीच्या मापाची, चुकीच्या जागी

झाडांसाठी 20 × 20 मीटरची चौकट, म्हणजे नोंदीसाठी आखलेला जमिनीचा तुकडा, बऱ्याच ठिकाणी वापरतात. तीच कातळावर टाकली की खळगा, भेग आणि गवत एकाच नोंदीत येतात आणि तीन समूहांची मिळून एक निरर्थक यादी तयार होते. चौकटीच्या आत परिस्थिती एकसारखी असली पाहिजे, हा मूळ नियम. पट्टा अरुंद असेल तर 4 × 4 ऐवजी 2 × 8 मीटर घ्या, क्षेत्र तेवढंच राहतं. किती मोठी चौकट पुरेल हे ठरवायला 1, 2, 4, 8, 16 चौरस मीटर असं दुपटीने वाढवत जा. नव्या जातींची भर जवळजवळ थांबली की ते किमान क्षेत्र.

जागा निवडताना सुंदर फुललेल्या किंवा वाटेलगतच्या ठिकाणाकडे पाय वळतात. हे टाळायचं तर उपग्रहचित्रावरून आधी एकसारख्या परिस्थितीचे पट्टे पाडा आणि प्रत्येक पट्ट्यात यादृच्छिक बिंदू निवडा. चित्रावर बारीक पट्टे दिसणार नाहीत, ते पायी फिरून नकाशात भरावे लागतात.

फक्त यादी देणं

दीडशे नावांची यादी म्हणजे समूहाचं वर्णन नव्हे. कोण कोणाबरोबर, किती आच्छादन देत, कोणत्या मातीवर वाढतं हे त्यातून कळत नाही. वनस्पतिशास्त्रज्ञ ब्राउन-ब्लांके यांची आच्छादन श्रेणी (जातीने जमिनीचा किती भाग झाकला ते) यासाठी अजूनही सोयीची आहे: 5 टक्क्यांपेक्षा कमी म्हणजे 1, 5 ते 25 म्हणजे 2, 25 ते 50 म्हणजे 3, 50 ते 75 म्हणजे 4 आणि त्यापुढे 5. अंदाज माणसागणिक बदलतो, म्हणून पहिल्या काही चौकटी दोघांनी स्वतंत्रपणे मोजून ताडून पाहा. एकाच समूहातल्या वाटणाऱ्या दोन चौकटी अजिबात जुळत नसतील, तर आधी मातीची खोली आणि ओल तपासा. बहुतेक वेळा फरक तिथे सापडतो.

न ओळखलेल्या वनस्पतीला सर्व चौकटींत एकच सांकेतिक क्रमांक द्या. पानाची खालची बाजू, फूल, फळ यांचे फोटो घ्या. नमुना मात्र परवानगी असेल आणि झाडं भरपूर असतील तरच काढा.

खाणपट्ट्याच्या रेषेवर थांबणं

खड्डा आखलेल्या हद्दीत राहतो, परिणाम राहत नाहीत. धूळ पानांवर बसते, चुनखडीची असेल तर मातीचा सामूही (आम्ल-अल्कतेचं माप) बदलते. खोदकाम भूजल पातळीखाली गेलं आणि पाणी उपसलं की दूरचे झरे व पाणथळ जागा आटू शकतात. रस्ता आणि टाकाऊ मातीचे ढीगही जागा खातात, आणि यंत्रांच्या चाकांबरोबर आगंतुक तणांचं बी येतं. तुमच्या बुटांबरोबरही येऊ शकतं, ते घासून मगच दुसऱ्या कातळावर पाय ठेवा. हद्दीबाहेरचा पट्टा आणि तशाच कातळाची, खाणीचा परिणाम न पोचणारी एक जागा सर्वेक्षणात घ्या. पुढे बदल मोजायचा झाला तर तुलना तिच्याशीच होईल, म्हणून तिथल्या चौकटींचे कोपरे कायमच्या खुणांनी पक्के करून ठेवा.