छाप्यानंतर दारूचं लायसन्स धोक्यात: रेस्टॉरंट मालकांनो, या चुका टाळा

इंग्लंड किंवा वेल्समधल्या रेस्टॉरंटवर इमिग्रेशनचा छापा पडला की मालकाच्या डोक्यात आधी दंडाचा आकडा फिरू लागतो. तो आहेही मोठा. 13 फेब्रुवारी 2024 पासून कामाचा हक्क नसलेल्या प्रत्येक माणसामागे पहिल्या खेपेला 45,000 पौंडांपर्यंत आणि पुन्हा सापडल्यास 60,000 पौंडांपर्यंत दंड होऊ शकतो. पण त्याच छाप्यावरून कौन्सिलमध्ये दुसरं प्रकरण उभं राहू शकतं, ते म्हणजे दारूच्या लायसन्सचा रिव्ह्यू, म्हणजे ते चालू ठेवायचं की नाही याची फेरतपासणी. 2003 च्या लायसन्सिंग कायद्याखाली पोलीस असा अर्ज करू शकतात आणि 6 एप्रिल 2017 पासून होम ऑफिसलाही, म्हणजे ब्रिटनच्या गृहखात्यालाही, तो थेट करता येतो. दंडाची लढाई आणि ही लढाई एकच समजून मालक चुकीच्या तयारीने सुनावणीला जातात.

"माझ्यावर गुन्हा कुठे सिद्ध झालाय?"

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. लिंकनशरमधल्या एका रेस्टॉरंटचं लायसन्स ईस्ट लिंडसी कौन्सिलने रद्द केलं होतं. कामाचा हक्क नसलेला माणूस तिथे रोखीने, किमान वेतनापेक्षा कमी पैशात काम करत होता. मालकावर खटला झालेला नव्हता, त्यामुळे खालच्या कोर्टाने त्याचं अपील मान्य केलं. 2016 मध्ये हायकोर्टाने तो निकाल फिरवला. शिक्षा झालेली असण्याची गरज नाही, कौन्सिलच्या लायसन्सिंग कमिटीने पुढे पाहायचं असतं, आणि इतर मालकांना जरब बसणं हेही लोकहिताचं कारण आहे, असं कोर्टाने सांगितलं. सरकारी मार्गदर्शक सूचनाही तितक्याच कडक आहेत: असा गुन्हा पहिल्यांदाच घडला असला तरी लायसन्स रद्द करण्याचा गांभीर्याने विचार करावा, असं त्या म्हणतात. म्हणून "दंडावर हरकत घेतली आहे, तिचा निकाल लागू द्या" एवढंच सांगून कमिटीपुढे भागत नाही. यापुढे हे घडणार नाही यावर विश्वास का ठेवायचा, याचं उत्तर न्यावं लागतं.

"तो फक्त मदतीला आला होता"

ट्रायल शिफ्ट होती, पाहुणा होता, पगार देतच नव्हतो, जेवण आणि वर राहायला खोली एवढंच देत होतो. ही उत्तरं कमिट्यांनी अनेकदा ऐकलेली आहेत. त्यातून उलट पिळवणुकीची शंका वाढते, आणि ती वाढायलाच हवी. व्हिसा नसलेल्या माणसाला किचनच्या वरच्या खोलीत ठेवून अन्नावर राबवून घेणं हा कागदोपत्री घोटाळा नाही, तो अन्याय आहे. मालकाने सुनावणीत हे स्पष्टपणे मान्य करावं. छाप्यानंतर घाईने मागची तारीख घालून केलेले करार आणि फोटोकॉपी तर चुकूनही पुढे करू नयेत.

तपासणी केली, पण चुकीची

मूळ दुखणं बहुतेक वेळा कामाच्या हक्काच्या या तपासणीतच असतं. कर्मचाऱ्याने व्हॉट्सॲपवर पाठवलेला स्क्रीनशॉट ही तपासणी नव्हे. ज्यांचा व्हिसा ऑनलाइन आहे त्यांच्याकडून शेअर कोड (त्यांनी सरकारी वेबसाइटवरून काढलेला) आणि जन्मतारीख घ्या आणि सरकारी वेबसाइटच्या मालकांसाठीच्या पानावर स्वतः भरा. कामासाठीचा कोड डब्ल्यू अक्षराने सुरू होतो आणि 90 दिवस चालतो. स्क्रीनवरचा फोटो आणि समोरचा माणूस एकच आहे ना ते बघा, ते पान तारखेसह जतन करा. हे सगळं कामाच्या पहिल्या दिवसाआधी व्हायला हवं. प्लास्टिकचं जुनं बीआरपी कार्ड (वास्तव्याच्या परवान्याचं) पाहून केलेली तपासणी 6 एप्रिल 2022 पासून ग्राह्य धरली जात नाही, तरीही कार्डाची झेरॉक्स लावलेल्या फायली अजून दिसतात. व्हिसाला मुदत असेल तर ती संपण्याआधी पुन्हा तपासा. नोंदी नोकरी संपल्यावरही दोन वर्षं ठेवाव्या लागतात. चालू रेस्टॉरंट माणसांसकट विकत घेतलं असेल तर जुन्या मालकाच्या फायलीवर विसंबू नका. ताबा घेतल्यापासून 60 दिवसांत सगळ्यांची तपासणी स्वतः करून घ्या.

तपासणी सगळ्यांची करा, ब्रिटिश पासपोर्टवाल्यांचीही. नाव किंवा रंग पाहून निवडक लोकांनाच कागद मागितले तर भेदभावाचा दावा होऊ शकतो.

विद्यार्थ्यांबद्दल थोडं जास्त सांगायला हवं, कारण पुण्या-नागपुरातून मास्टर्सला आलेली मुलं आपल्याच लोकांच्या हॉटेलांत शनिवार-रविवारी उभी असतात. पदवी किंवा त्यावरच्या अभ्यासक्रमाला असलेल्या मुलाला सहसा टर्म चालू असताना आठवड्याला 20 तासच काम करता येतं. ते तास सगळ्या नोकऱ्या मिळून मोजायचे, आणि आठवडा सोमवार ते रविवार धरायचा. त्याला सेल्फ-एम्प्लॉइड दाखवून सुटका होत नाही, कारण स्टुडंट व्हिसावर स्वतंत्र व्यवसायालाच मनाई आहे. युनिव्हर्सिटीकडून मिळालेल्या टर्मच्या तारखा फायलीत ठेवा आणि दुसरीकडे किती तास करतो ते विचारा. "अजून दोन शिफ्ट कर ना" म्हणताना लक्षात असू द्या की तुम्हाला दंड होईल, त्या मुलाचा मात्र व्हिसाच जाऊ शकतो.

नोटीस लागल्यानंतरची धावपळ

रिव्ह्यूचा अर्ज आला की कौन्सिल दारावर नोटीस लावते आणि म्हणणं मांडायला 28 दिवस मिळतात. या काळात लायसन्स घाईने बायकोच्या, भावाच्या किंवा नव्या कंपनीच्या नावावर करायचं अनेकांच्या मनात येतं. तसं करू नका. ट्रान्सफरला पोलीस आणि होम ऑफिस हरकत घेऊ शकतात, आणि गल्ल्यावर तोच माणूस बसलेला असेल तर कमिटीचा उरलासुरला विश्वासही जातो. "जेवण उत्तम, मालक सज्जन" अशा सह्यांच्या कागदाचाही फारसा उपयोग नाही. कमिटी गुन्हेगारी रोखण्यासारखी कायद्यातली उद्दिष्टं पाहते, बिर्याणीची चव नाही.

सुनावणीला रिकाम्या हाताने जाणं

कमिटी अटी बदलू शकते, एखादी परवानगी काढून घेऊ शकते, दारूविक्रीची जबाबदारी असलेल्या सुपरवायझरला हटवू शकते, लायसन्स तीन महिन्यांपर्यंत स्थगित करू शकते किंवा रद्द करू शकते. रद्द होणं टाळायचं असेल तर सध्याच्या प्रत्येक कर्मचाऱ्याची पूर्ण फाइल, पेस्लिपा आणि अटींचा तुम्हीच लिहिलेला मसुदा घेऊन जा. तपासणीशिवाय कोणीही कामाला लागणार नाही, नोंदी रेस्टॉरंटमध्येच राहतील आणि अधिकाऱ्याने मागताच दाखवल्या जातील, असं त्यात नेमक्या शब्दांत असावं. बाहेरच्या एचआर सल्लागाराला काम दिलं असेल तर त्याचा करारही दाखवा. नुसत्या आश्वासनाला वजन नसतं.

अपिलाची मुदत हुकवणं

निर्णय विरोधात गेला तर तो कळवल्यापासून 21 दिवसांत मॅजिस्ट्रेट कोर्टात अपील करता येतं. ती मुदत संपेपर्यंत, आणि अपील केलं तर त्याचा निकाल लागेपर्यंत, नेहमीच्या रिव्ह्यूतला निर्णय लागू होत नाही. तोवर दारू विकणं कायदेशीर असतं. मात्र मुदत हुकली की बार बंद करावा लागतो. त्याच लायसन्सवर रात्री 11 ते पहाटे 5 गरम जेवण देत असाल, तर तेही थांबतं.