पहिल्या बाईकचा इन्शुरन्स स्वस्तात हवाय? मग या चुका टाळा

नवीन बाईक बुक करायला गेलेला माणूस मायलेज विचारतो, कलर विचारतो, ईएमआय चार-चार वेळा विचारतो, आणि कोटेशनमधल्या इन्शुरन्सच्या ओळीवर मात्र शोरूमवाला जो आकडा टाकेल त्याला मान डोलावतो. तो आकडा कशाकशाचा मिळून झालाय हे कुणी विचारतच नाही. पहिल्यांदा गाडी घेणाऱ्यांचे सगळ्यात जास्त पैसे इथेच जातात, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

पहिली गोष्ट, थर्ड पार्टी, म्हणजे आपल्या गाडीमुळे दुसऱ्याचं नुकसान झालं तर त्याची भरपाई देणारा भाग, कुठल्या कंपनीत स्वस्त मिळेल हे शोधत बसू नका. थर्ड पार्टीचा दर सरकार ठरवतं आणि तो सगळ्या कंपन्यांना सारखाच असतो. १ जून २०२२ पासून जे दर लागू झाले त्यात ७५ ते १५० सीसीला वर्षाला ७१४ रुपये, १५० ते ३५० सीसीला १,३६६ आणि ३५० च्या वर २,८०४, जीएसटी वेगळा. नवीन गाडीला थर्ड पार्टी एकदम ५ वर्षांचा घ्यावाच लागतो, सुप्रीम कोर्टाच्या आदेशामुळे सप्टेंबर २०१८ पासून हे सुरू झालं, आणि त्याचे आकडे अनुक्रमे ३,८५१, ७,३६५ आणि १५,११७. दर अधूनमधून बदलतात त्यामुळे घेताना चालू दर बघून घ्या, पण रचना हीच.

आता या आकड्यांकडे गाडी ठरवायच्या आधी बघा. १४९ सीसीची गाडी आणि १६० सीसीची गाडी, चालवायला फार फरक वाटणार नाही कदाचित, पण ५ वर्षांच्या थर्ड पार्टीत साडेतीन हजारांचा फरक पडतो. तसंच ३४९ सीसीची बुलेट आणि ३९८ सीसीची ट्रायम्फ यांच्यात साडेसात हजारांच्या वर फरक जातो. गाडी आवडली असेल तर जरूर घ्या, पण बजेट घट्ट असेल तर ही रक्कम पहिल्याच दिवशी खिशातून जाते हे लक्षात ठेवा.

मग घासाघीस करायची कुठे? ओडी मध्ये, म्हणजे आपल्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा आणि चोरीचा जो भाग असतो तिथे. त्याचा जुना टॅरिफ दर १५० सीसीपर्यंतच्या ५ वर्षांच्या आतल्या गाडीला मुंबई-पुण्यासारख्या ए झोनमध्ये १.७०८ टक्के आणि बाकी ठिकाणी १.६७६ टक्के असा आहे, आणि त्यावर कंपन्या आपापल्या मर्जीने डिस्काउंट देतात. म्हणजे गाडीची किंमत ९५ हजार धरली तर ओडी साधारण १,६२० च्या आसपास होतो, त्यावर कुणी २० टक्के सूट देईल, कुणी ६०. शोरूमच्या कोटेशनवर ही सूट किती धरली आहे ते विचारा, लेखी ब्रेकअप मागा, आणि त्याच दिवशी घरी बसून दोन-तीन कंपन्यांच्या साइटवर त्याच मॉडेलचा, त्याच ॲड-ऑनचा (जादा पैसे भरून घ्यायच्या कव्हरचा) भाव काढा. बऱ्याचदा नुसतं बाहेरचं कोटेशन दाखवलं की शोरूमवाला स्वतःच खाली येतो.

"इन्शुरन्स आमच्याकडूनच घ्यावा लागेल" असं सांगितलं तर ऐकून घेऊ नका. डीलरने इन्शुरन्सची सक्ती करायची नाही हे आयआरडीएआयच्या, म्हणजे विमा कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेच्या, नियमात आहे. "बाहेरून घेतला तर कॅशलेस होणार नाही" हेही सरसकट खरं नाही, कॅशलेस, म्हणजे दुरुस्तीचे पैसे कंपनीने थेट गॅरेजला देणं, हे ते सर्व्हिस सेंटर त्या कंपनीच्या नेटवर्कमध्ये आहे की नाही यावर असतं, तेवढं कंपनीच्या यादीत तपासा म्हणजे झालं.

प्रीमियम कमी दिसावा म्हणून आयडीव्ही खाली ओढणं ही तर अगदी कॉमन चूक आहे. आयडीव्ही म्हणजे गाडी चोरीला गेली किंवा टोटल लॉस झाली तर जास्तीत जास्त मिळणारी रक्कम. ती ९५ हजारावरून ७५ हजार केली तर डिस्काउंटच्या आधीसुद्धा जेमतेम ३४० रुपये वाचतात, आणि गाडी गेली तर वीस हजार कमी हातात येतात. वर लोन चालू असेल तर पैसे आधी बँकेकडे जाणार आणि उरलेले हप्ते तुम्ही भरत बसणार. ऑनलाइन साइटवर सगळ्यात स्वस्त दिसणारा प्लॅन बऱ्याचदा कमी आयडीव्हीमुळेच स्वस्त दिसतो, त्यामुळे तुलना करताना आयडीव्ही दोन्हीकडे सारखी करून मगच भाव बघा.

ॲड-ऑनमध्ये माझं मत स्पष्ट आहे, नवीन गाडीला आणि नवीन चालवणाऱ्याला झिरो डेप, म्हणजे पार्टवर घसारा न कापणारं कव्हर, घ्याच. सुरुवातीच्या काळात गाडी पडणार, इंडिकेटर, मडगार्ड, फेअरिंग तुटणार, आणि साध्या पॉलिसीत प्लास्टिक-रबरच्या पार्टवर ५० टक्के घसारा कापतात, म्हणजे ६ हजारांच्या प्लास्टिकचे ३ हजार तुमचे. इंजिन प्रोटेक्ट, म्हणजे पाणी शिरून इंजिन खराब झालं तर कामी येणारं कव्हर, मात्र राहता कुठे त्यावर ठरवा. सांगली-कोल्हापूरच्या पूरपट्ट्यात किंवा मुंबईत सखल भागात गाडी लागत असेल तर घ्या, आणि घेतलं तरी पाण्यात बुडालेली गाडी किक मारून बघू नका, टो करून गॅरेजला न्या. बाकीची छोटी छोटी कव्हर डोळे झाकून काढून टाकली तरी चालतं.

आता एक अशी गोष्ट जी आपल्याकडे घरोघरी होते आणि ज्याबद्दल कुणी बोलत नाही. गाडी बाबांच्या नावावर, चालवतो मुलगा. पॉलिसीतलं १५ लाखांचं अपघात कव्हर हे ओनर-ड्रायव्हरचं असतं, म्हणजे ज्याच्या नावावर आरसी आहे त्याचं. मुलाला काही झालं तर त्या कव्हरमधून एक रुपया मिळत नाही. रोज मुलगाच चालवणार असेल आणि त्याचं वय, लायसन सगळं बसत असेल तर गाडी त्याच्याच नावावर घ्या, नाहीतर त्याची वेगळी पर्सनल ॲक्सिडेंट पॉलिसी काढा. उलट बाजूने, ज्याच्या नावावर आधीच १५ लाखांचं असं कव्हर आहे त्याने दुसऱ्या गाडीसोबत ते पुन्हा घ्यायची गरज नसते, तसं डिक्लेअर करून ती रक्कम कमी करून घ्या. शोरूमवाला हे आपणहून सांगेलच असं नाही.

यापुढची चूक सगळ्यात महाग पडते. नवीन गाडीची पॉलिसी १ अधिक ५ अशी असते, थर्ड पार्टी ५ वर्षं, ओडी फक्त १ वर्ष. समजा मार्च २०२५ ला गाडी घेतली तर कागदावर मार्च २०३० लिहिलेलं दिसतं आणि माणूस निर्धास्त होतो, पण ओडी मार्च २०२६ ला संपलेला असतो. ट्रॅफिक पोलिसाने अडवलं तरी काही होत नाही कारण थर्ड पार्टी चालू असतो, त्यामुळे पत्ताच लागत नाही, आणि मग दीड वर्षाने गाडी चोरीला जाते तेव्हा कळतं की क्लेम बसतच नाही. पॉलिसीच्या पहिल्या पानावर दोन वेगवेगळ्या तारखा असतात, त्यातली ओडीची तारीख मोबाइलच्या कॅलेंडरमध्ये आजच टाका.

याचाच दुसरा भाग म्हणजे रिन्यू करताना घाईघाईत "फर्स्ट पार्टी" म्हणजे पूर्ण पॉलिसी परत घेणं. थर्ड पार्टीचे पैसे तुम्ही ५ वर्षांचे आधीच भरलेत! दुसऱ्या वर्षापासून फक्त स्टँडअलोन ओडी घ्यायचा असतो, त्यात ते जुन्या थर्ड पार्टी पॉलिसीचा नंबर, कंपनी आणि संपायची तारीख विचारतात, आणि तो दुसऱ्या कंपनीकडूनही घेता येतो.

एनसीबी, म्हणजे नो क्लेम बोनस, याबद्दल लोक फार घाबरून असतात. क्लेम न केल्यास पहिल्या वर्षी २० टक्के, मग २५, ३५, ४५, ५० अशी सूट मिळते, पण ती फक्त ओडीवर, आणि बाईकचा ओडी मुळातच हजार-दीड हजाराचा. त्यामुळे ५ हजारांचं नुकसान झालं असताना एनसीबी वाचवायला खिशातून भरणं हा तोट्याचा सौदा आहे, सातशे रुपयांच्या आरशासाठी मात्र क्लेम करू नका. पॉलिसी संपून ९० दिवस उलटले की एनसीबी जातो, हे पण लक्षात असू द्या.

सेकंड हँड घेताय? आरसी तुमच्या नावावर झाली म्हणजे ओडीही आपोआप तुमच्या नावावर झाला असं नसतं. ट्रान्सफर झाल्यापासून १४ दिवसांत कंपनीकडे अर्ज करा, आणि जुन्या मालकाचा एनसीबी तुम्हाला मिळत नाही, त्याचा फरक भरावा लागतो. गाडी घेण्याआधी एमपरिवाहन या सरकारी ॲपवर नंबर टाकून इन्शुरन्स दिसतोय का ते बघा, रस्त्यावर टेबल टाकून निम्म्या भावात पॉलिसी देणाऱ्यांपासूनही असंच वाचता येतं. इन्शुरन्स नसताना पकडलं तर पहिल्यांदा २,००० आणि पुन्हा सापडलात तर ४,००० रुपये दंड आहे.

लायसनही नीट तपासा. विदाउट गिअरचं लायसन आणि गाडी गिअरची, यात क्लेम अडकतोच. सायलेन्सर बदलला असेल, गाडी डिलिव्हरीला किंवा भाड्याने लावली असेल तर कंपनीला आधी कळवा, खाजगी वापराच्या पॉलिसीत भाड्याचा वापर बसत नाही.

आणि चोरीच्या क्लेमला कंपनी दोन्ही चाव्या मागते, एफआयआर मागते, पुढे पोलिसांचा तपास न लागल्याचा रिपोर्ट मागते ज्याला आपल्याकडे अ समरी म्हणतात, त्यामुळे दुसरी चावी पहिल्या दिवसापासून घरात एका जागी ठेवा. क्लेम उगाच नाकारलाय असं वाटलं तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार, मग आयआरडीएआयचा १५५२५५ हा नंबर किंवा बीमा भरोसा पोर्टल, आणि तिथेही नाही जमलं तर विमा लोकपालाकडे जा, मुंबई आणि पुणे दोन्हीकडे ऑफिस आहे आणि तक्रारीला फी लागत नाही.