रोप सुकलं? पाणी सोडायच्या आधी एक रोप उपटून पाहा

झड उघडून ऊन पडलं की पुढचे तीन-चार दिवस मिरची-वांग्याच्या रोपांवर टपलेले असतात. आर्द्रा-पुनर्वसूत दरसाल हेच पाहतो. आठवडाभर पाऊस, वाफ्यात चिखल. मग एके दिवशी आभाळ फाकतं, दुपारी चटका बसतो आणि रोपं माना टाकतात. कास्तकार धुऱ्यावरूनच, म्हणजे बांधावरूनच पाहतो, ‘तहानली बिचारी’ म्हणतो आणि संध्याकाळी मोटर सुरू करतो. तिसऱ्या दिवशी वाफा साफ.

ती रोपं तहानलेली नव्हती, गुदमरलेली होती. आपली काळी माती पाणी प्याली की फुगते, तिच्यातल्या बारीक पोकळ्या मिटतात आणि मुळांना हवा मिळत नाही. हवा नसली की मूळ पाणी ओढायचंच थांबवतं. भोवती तळं असून पान कोरड्यात असल्यासारखं लोंबतं. वरून पाहिलं तर पाण्यावाचून सुकलेलं रोप आणि पाण्याने मेलेलं रोप सारखंच दिसतं, आणि फसगत होते ती इथेच. अकोला-अमरावतीकडच्या पूर्णा नदीच्या खारपाणपट्ट्यात तर ही चूक दुप्पट महाग पडते. तिथली जमीन पाणी लवकर सोडत नाही, त्यात विहिरीचं पाणी खारं.

म्हणून सांगून सांगून थकलो तरी पुन्हा सांगतो. सुकलेलं रोप दिसलं की मोटरला हात लावायचा नाही आणि फवारणी पंपालाही नाही. खुरपं घ्या. अर्धमेलं एक आणि त्याच्या शेजारचं चांगलं एक, अशी दोन रोपं मातीसकट काढा, बादलीत हलवून मुळं धुवा आणि उजेडात धरा. खड्ड्यातली चार बोटं खालची माती मुठीत दाबा. लाडू होऊन हाताला चिकटली तर वाफसा नाही, म्हणजे मातीत ओल जास्त आणि हवा कमी, पाणी बंद. भुरभुर सुटली तर रोपाला खरंच पाणी हवंय, झारीने बेताने द्या.

हे सकाळी सातच्या आत करा. दुपारी लोंबलेलं रोप सकाळी ताठ असेल तर बहुधा त्याला काही झालेलं नाही, ते फक्त उन्हाला टाळत होतं. माती ओली असून सकाळीही मान खालीच असेल तर दुखणं मुळात किंवा बुडात आहे.

मूळ तपकिरी, मऊ, चिमटीत धरून ओढलं की साल मोज्यासारखी निघते, वास आंबूस: हे साचलेल्या पाण्याचं काम. उताराच्या बाजूने वाफ्याचं तोंड फोडून चर काढा, आजच. ओळींमधली वरची पपडी हलक्या हाताने मोडा.

मातीलगत देठ पाणचट होऊन दोऱ्यासारखा बारीक झालाय आणि रोप जमिनीवर आडवं पडलंय: ही रोपांची मर किंवा कोलमड. ही वाफ्यात गोल चट्ट्याने पसरते. चट्ट्यातली रोपं आणि भोवतालची वीतभर रोपं काढून टाका. उरलेल्यांना कॉपर ऑक्सिक्लोराईड ३० ग्रॅम १० लिटर पाण्यात कालवून झारीने बुडाशी द्या. पण आधी पाण्याचा निचरा, मगच आळवणी. चिखलात ओतलेलं औषध म्हणजे नाल्यात टाकलेले पैसे. ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला खाणारी मित्रबुरशी) टाकलेला असेल तर ही आळवणी त्यालाही मारू शकते, पुन्हा टाकायला निदान १० दिवस थांबा.

लावणी झालेलं वांगं किंवा टोमॅटो हिरवंगार असतानाच अचानक कोमेजलं तर बुडाजवळचा देठ तिरपा कापून काचेच्या ग्लासात स्वच्छ पाण्यात टांगा. काही मिनिटांत दुधासारखा धागा खाली उतरला की तो जिवाणूजन्य मर. यावर कोणतंही औषध चालत नाही, दुकानदार काहीही म्हणो. झाड मुळासकट काढून जाळा आणि त्या तुकड्यात पुढची तीन वर्षं वांगी, टोमॅटो, मिरची, बटाटा नको. ज्वारी किंवा मका घ्या. धागा निघाला नाही, पण देठ उभा चिरल्यावर आत तपकिरी रेघ दिसली आणि खालची पानं आधी पिवळी पडली असतील, तर ती बुरशीची मर.

मुळावर गाठी म्हणजे सूत्रकृमी, मुळात शिरणारे डोळ्यांना न दिसणारे बारीक कृमी. मूळ कुरतडलेलं आणि जवळ पांढरी, इंग्रजी ‘सी’सारखी वाकलेली अळी म्हणजे हुमणी. अर्धकच्चं शेणखत टाकलं की ती हमखास येते, सोबत उधळी, म्हणजे वाळवीही येते.

आता बाटल्यांबद्दल. सुकलेलं रोप घेऊन कृषी केंद्रात गेलात की तिथे मूळ कोणी पाहत नाही, रॅककडे पाहतात. एक बुरशीनाशक, एक कीटकनाशक, एक ह्युमिक ॲसिड आणि वर ‘मुळी वाढवणारं’ टॉनिक. आमच्या शिवारात एकाने पाच वाफ्यांसाठी अशा चार बाटल्यांचं बिल भरलं आणि चारही एका टाकीत ओतलं. जी रोपं मरणार नव्हती तीही गेली. गुदमरलेल्या मुळाला टॉनिक पाजून मुळी सुटत नाही. शिवाय मनाने औषधं एकत्र करणं हा नुसता पैशाचा प्रश्न नाही, २०१७ साली यवतमाळात फवारणीच्या विषबाधेने माणसं गेली. ट्रायकोडर्मा घ्यायचाच तर अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात किंवा जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात विचारा, आणि पुड्यावरची तारीख वाचा.

वाफ्याची नेहमीची कामं:
– गादीवाफा ३ मीटर लांब, १ मीटर रुंद, १५ सेंमी उंच; सपाट वाफा नको
– शेणखत पूर्ण कुजलेलं
– बियाण्याला थायरम ३ ग्रॅम किलोला, पेरायच्या तोंडावर ट्रायकोडर्मा ४ ग्रॅम
– दोन ओळींत १० सेंमी अंतर, बी विरळ
– पाणी सकाळी, झारीने
– लावणीआधी ८ दिवस पाणी कमी

दोन गोष्टी माझ्या पाहण्यातल्या, त्यांना पुस्तकाचा आधार मागू नका. दाट सावलीतल्या वाफ्यात मर आधी लागते, म्हणून वाफा झाडाखाली करत नाही. आणि उन्हात पडलेल्या काळ्या पाईपमधलं पहिलं पाणी पोळतं, ते धुऱ्यावर सोडून मग रोपांकडे वळवतो. चट्ट्याच्या कडेला चुलीतली कोरडी राख भुरभुरावी असं आजी म्हणायची. मीही टाकतो, पण चर काढल्यावर.

पऱ्हाटीलाही, म्हणजे कपाशीलाही हेच लागू. लांबलेला उघाड, मग मोठा पाऊस, आणि एका रात्रीत हिरवं झाड लोंबतं, ती आकस्मिक मर. पाणी काढा, बुडाशी माती पायाने दाबा, १० लिटर पाण्यात युरिया २०० ग्रॅम, पांढरा पोटॅश १०० ग्रॅम, कॉपर ऑक्सिक्लोराईड २५ ग्रॅम करून झाडागणिक साधारण १०० मिली ओता. एक-दोन दिवसांतच, नंतर उपयोग नाही.

लावणी दुपारी चारनंतर करा. वाफ्यात दोन ओळी नांग्या, म्हणजे रोप मेलेल्या मोकळ्या जागा, भरायला राखून ठेवा. आणि नांगी भरताना मेलेलं रोप धुऱ्यावर भिरकावू नका, त्याचं मूळ पाहा. मूळ सडलेलं असेल तर त्याच खड्ड्यात दुसरं रोप लावू नका, वीतभर सरकून लावा.