जुन्या अमेरिकन दुनळीचं रबरी पॅड मूळचं की नंतरचं, कसं ओळखायचं

निफाडला आमच्या मामांकडे पार्कर या जुन्या अमेरिकन कंपनीची बारा बोअर दुनळी आहे, आजोबांपासून घरात आलेली, लायसन आता मामांच्या नावावर. दस्त्याच्या मागचं, खांद्याला टेकणारं रबरी पॅड दगडासारखं कडक झालं म्हणून त्यांनी नाशिकला येऊन नवीन बसवून घेतलं आणि जुनं तिथेच टाकून आले. ते विटकरी रंगाचं गुळगुळीत, सिल्व्हर्स कंपनीचं पॅड होतं हो, स्क्रूच्या भोकांवर रबराची दोन बुचं असलेलं! मला कळलं तेव्हा फार वाईट वाटलं. तुमच्याकडे असं होऊ नये म्हणून लिहितोय.

बंदूक लायसनवाल्याच्या समोरच बघायची, आणि आधी नळ्या उघडून रिकाम्या आहेत ना ते बघायचं.

मग स्क्रू बघा. अधिकच्या खुणेचा फिलिप्स स्क्रू १९३० च्या दशकात आला, त्यामुळे १९१५ च्या बंदुकीवर तो दिसला तर पॅड किंवा निदान स्क्रू तरी नंतरचा आहे. लाकूड आणि रबर यांच्यामध्ये पांढरी पट्टी असेल तर ती दुसऱ्या महायुद्धानंतरची फॅशन, पॅकमायर कंपनीची व्हाइट लाइन पॅडं त्यातलीच. दोन महायुद्धांच्या मधल्या काळातल्या बंदुकीवर जोस्टम किंवा हॉकिन्स कंपनीचं पॅड शोभतं. जोस्टम शिकागोची कंपनी, त्यांचं रबर स्पंजासारखं. सिल्व्हर्स मुळात इंग्लंडचं, पण गिऱ्हाइकाने सांगितलं तर अमेरिकन कारखानेसुद्धा ते बसवून द्यायचे, म्हणून ते दिसलं की लगेच नंतरचं म्हणू नका.

सगळ्यात जास्त कळतं ते मापातून. पुढच्या चापापासून दस्त्याच्या टोकाच्या मध्यापर्यंत टेप लावा. त्या काळी साधारण १४ इंच ठेवायचे. १ इंचाचं पॅड धरून १४ च भरलं तर एकतर ऑर्डरच तशी होती किंवा कुणीतरी मागून लाकूड कापलंय, आणि १५ भरलं तर बहुतेक न कापता वरून पॅड चढवलंय. आता लाकूड जिथे लोखंडाला भिडतं तिथे बोट फिरवा, लाकूड खाली गेलेलं लागलं तर पॅड बसवताना किंवा पॉलिशच्या वेळी अख्खा दस्ता घासलाय. पार्करच्या बऱ्याच साध्या ग्रेडना मुळात पॅड नसायचंच, कुत्र्याच्या तोंडाचं चित्र असलेली कडक रबराची प्लेट असायची, ती घरात कुठे डब्यात पडलीये का तेही शोधा.

पॅड जुनं निघालं तर कडक झालं तरी काढू नका, नेम मारताना धक्का लागत असेल तर वरून चामड्याचं कव्हर चढवा. अगदीच तुकडे पडत असतील तर जुन्या पद्धतीच्या हुबेहूब कॉपी मिळतात, पण मूळचं पॅड आणि त्याचे स्क्रू पिशवीत घालून नंबर लिहून ठेवा.

आणि पार्कर असेल तर सीरियल नंबर नीट उतरवून घ्या. कारखान्याच्या उरलेल्या वह्यांवरून पार्कर गन कलेक्टर्स असोसिएशन पत्र देते, त्यात त्या बंदुकीची नोंद सापडली तर ऑर्डर कशी होती ते कळतं. मामांच्या बंदुकीचा नंबर मी परवाच उतरवून आणलाय.